मलूल पडलेलं आंब्याचं कलम कसं सावरावं

जूनमध्ये लावलेलं हापूसचं कलम दिवाळीपर्यंत तरारायला हवं. त्याऐवजी पानं पिवळी, शेंडा करपलेला, पालवीचा पत्ता नाही, असं दिसलं की हात लगेच युरियाकडे जातो. तो आवरा. दुखऱ्या मुळांना खत पेलत नाही, ती आणखी जळतात.

१. आधी जीव आहे का ते बघा. शेंड्यापासून खाली येत नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं की तिथून खाली झाड जिवंत. हे हिरवं जोडाच्या, म्हणजे हापूसची काडी खालच्या खुंटाला जिथे बांधली त्या जागेच्या, वर लागलं तर तुमचा हापूस शाबूत आहे. फक्त जोडाखाली लागलं तर उरला तो रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेला, खुंट. तरीही उपटू नका. त्याची मुळं बसलेली आहेत. एक जोमदार फूट राखा, पुढच्या पावसाळ्यात तिच्यावर हापूसच्या काडीचं कलम बांधता येईल.

२. जोड तपासा. प्लॅस्टिकची पट्टी राहिली असेल तर ती खोड आवळते. ब्लेडने उभी चिरून काढा. जोड मातीत गाडला गेला असेल तर मोकळा करा. हापूस जिवंत असताना जोडाखालून आलेली फूट मात्र लगेच खुडा. ती कितीही टवटवीत दिसली तरी वरच्या कलमाचा घास खाते.

३. आता पाणी. कोकणात कलमं तहानेपेक्षा साचलेल्या पाण्याने जास्त दगावतात, असं माझं मत आहे. कातळात खणलेला खड्डा म्हणजे दगडी डोणीच. आमची दोन कलमं अशीच माना टाकून उभी होती आणि आम्ही रोज कळशी ओतत होतो. बाजूची माती उकरली तेव्हा कुजका वास आला. उताराच्या बाजूने खड्ड्याच्या तळापर्यंत चर काढला, पाणी वाहून गेलं, त्यातलं एक वाचलं. म्हणून पाणी घालण्याआधी चार बोटं माती उकरा. ओल असेल तर थांबा. उकरताना रोपाची पिशवी तशीच राहिलेली दिसली तर मुळं न दुखवता फाडून काढा.

४. वाळका भाग हिरव्यापर्यंत छाटा आणि कापावर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना, प्रत्येकी अर्ध्या लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवा, मग एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे.

५. उन्हाळ्यात पश्चिमेकडून झावळीची सावली करा. आळ्यात पालापाचोळा पसरा, पण खोडापासून वीतभर लांब, कारण वाळवी त्याच वाटेने येते.

तांबूस पालवी फुटून हिरवी, निबर झाली की मगच आळ्याच्या कडेने अर्धं घमेलं कुजलेलं शेणखत द्या. पहिली तीन वर्षं मोहर आला तर तो खुडून टाका. जिवावर येतं, पण तेवढी ताकद त्या खोडात अजून नसते.