ॲम्प्लिफायर चालू करताना स्पीकरमध्ये ‘धप्प’ होतंय? कारण असं शोधा

ॲम्प्लिफायरचं बटण दाबलं की स्पीकरमधून ‘धप्प’ येतो, वूफरचा (मोठ्या स्पीकरचा) कोन, म्हणजे पुढचा पडदा, क्षणभर पुढे उडतो. हलका ‘टुप्’ असेल तर काळजी नको. पण धप्प झाल्यावर कोन पुढे किंवा आत गेलेलाच राहत असेल, तर सेट ताबडतोब बंद करा. स्पीकरला सरळ डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, मिळतोय. 25 व्होल्ट डीसी स्पीकरच्या आतल्या तारेच्या 6 ओहमच्या कॉइलमध्ये गेला, तर शंभर वॉटहून जास्त उष्णता तयार होते, आणि कॉइल जळते. अशा सेटला पुन्हा स्पीकर जोडून ‘बघू या’ म्हणू नका.

कोन जागेवर परत येत असेल, तर पुढचं घरी करता येतं.

1. चालू करण्याचा क्रम बदला. टीव्ही, कॉम्प्युटर, ऑडिओ मिक्सर आधी. ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. बंद करताना तो सगळ्यात आधी. बाकीची उपकरणं चालू होताना छोटा झटका सोडतात आणि आधीच जागा असलेला ॲम्प्लिफायर तोच झटका मोठा करून स्पीकरला देतो. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, एकाच बटणावर असेल तर ॲम्प्लिफायरला वेगळं बटण द्या. पैसा न लागणारा हा उपाय मी नेहमी पहिला सांगतो.

2. इनपुट काढून बघा. सेट बंद करा, मागच्या आरसीए (आवाज आत आणणाऱ्या वायरींच्या) पिना काढा, आवाजाचं बटण शून्यावर आणा आणि चालू करा. धप्प गेला तर दोष आधीच्या उपकरणात. राहिला तर ॲम्प्लिफायरमध्येच.

3. डीसी मोजा. स्पीकरच्या वायरी सोडवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एकाच चॅनेलच्या लाल-काळ्या टर्मिनलवर धरा आणि पाचेक मिनिटं थांबा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. 100 च्या वर स्थिरावला तर मेकॅनिककडे न्या. आउटपुटला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असलेल्या सेटमध्ये स्पीकर न लावता आकडा सावकाश उतरतो. त्याने घाबरू नका.

4. सेट कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. पुण्याच्या तापकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किट आणून घरी जोडलेल्या सेटमध्ये हा प्रश्न जास्त दिसतो. सिंगल सप्लायच्या (फक्त प्लस व्होल्टेजवर चालणाऱ्या) सेटमध्ये स्पीकरआधी 1000 किंवा 2200 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. तो चालू होताना स्पीकरमधूनच चार्ज होतो, आणि तोच धप्प. म्हणजे तिथे काही बिघडलेलं नसतं, रचनाच तशी आहे. ड्युएल सप्लायच्या (प्लस आणि मायनस अशा दोन व्होल्टेजवर चालणाऱ्या) सेटमध्ये हा कपॅसिटर नसतो. तिथे प्लस-मायनस व्होल्टेज मागेपुढे चढतात आणि सर्किट स्थिर होईपर्यंत आउटपुट डगमगतं. टीडीए 7294 सारख्या आयसीला यासाठीच म्यूट आणि स्टँडबाय अशा वेगळ्या पिना दिलेल्या आहेत. पैसे वाचवायला त्या सरळ सप्लायला जोडल्या असतील, तर धप्प येणारच.

5. स्पीकर प्रोटेक्शनचा रिले (विजेवर आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) बसवा. खरा इलाज हाच. रिलेची ही छोटी सर्किटची पाटी ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या मध्ये बसते, तीन ते पाच सेकंद थांबून ‘टक’ करून स्पीकर जोडते आणि आउटपुटला डीसी आला तर तोडते. कपॅसिटरवाल्या सेटमध्ये एक गोष्ट विसरू नका: कपॅसिटरनंतर, रिलेच्या आधी, आउटपुट आणि ग्राउंडमध्ये 470 ओहम, 1 वॉटचा रेझिस्टर टाका. 2200 मायक्रोफॅरड त्यातून साधारण पाच सेकंदांत चार्ज होतो. रेझिस्टर नसला, तर रिले जोडल्या क्षणी तोच धप्प, फक्त पाच सेकंद उशिरा. ब्रिज आउटपुटच्या (स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल देणाऱ्या) क्लास-डी सेटला मात्र कॉमन ग्राउंडची, म्हणजे सगळ्या मायनस वायरी ग्राउंडला एकत्र जोडणारी, पाटी चालत नाही. तिथे स्पीकरची मायनस वायर ग्राउंडला लावायचीच नसते.

झाकण उघडण्याआधी प्लग काढा, आणि मोठ्या कपॅसिटरवर व्होल्टेज उरलंय का ते मीटरने बघा. आवाज थांबावा म्हणून अर्थिंगची पिन तोडणारे भेटतात. कृपा करून तसं करू नका, जिवावर बेतेल.

रिले लावूनही बंद करताना धप्प येत असेल, तर रिले उशिरा सुटतोय. त्याला मोठ्या फिल्टर कपॅसिटरवरूनच वीज मिळत राहते. पाटीवरचं एसी सेन्सिंगचं (वीज आहे की गेली ते ओळखणारं) टर्मिनल ट्रान्सफॉर्मरच्या एसी वायरला जोडलंय का ते बघा. वीज जाताच रिले आधी सुटला पाहिजे.