मोंबासा बंदरातून आपली गाडी कशी सोडवावी

न्हावा शेवाहून गाडी कंटेनरमध्ये घालून मोंबासाला पाठवायची, आपण मागून विमानाने जायचे आणि तिथून टांझानिया, झांबिया करत केपटाउन गाठायचे, असा बेत आखणारे अलीकडे बरेच भेटतात. बेत चांगला आहे. केनियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे आपल्या गाडीचे स्टिअरिंग कुठे आडवे येत नाही. व्हिसा, पिवळ्या तापाची लस, आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना आणि कार्ने (आयात शुल्क न भरता गाडी तात्पुरती परदेशात नेण्यासाठी बँक गॅरंटीवर मिळणारा दस्तऐवज) तयार आहे असे धरून चालतो. मुंबईत कार्ने वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतो. त्याची मुदत एक वर्षाची, आणि ती कार्ने काढल्यापासून मोजतात, गाडी आफ्रिकेत उतरल्यापासून नव्हे. उत्साहाच्या भरात तो तीन महिने आधी काढून ठेवू नका.

आता मुद्द्याचे. "मोंबासाला पोचा, तिथे सगळे होते" असे सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. मोंबासात फक्त वसुली होते. किती आणि कशाची, ते मुंबईत बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर घेतल्याचा आणि पुढे तो सोडवण्याचा कागद, तयार होतो तेव्हाच ठरलेले असते.

पायरी १ : बिल ऑफ लेडिंग

हा कागद छपाईला जाण्याआधी त्याचा मसुदा मागवा आणि शब्द न् शब्द वाचा. मसुदा देत नाही म्हणणारा फॉरवर्डर (माल पाठवण्याची व्यवस्था करणारा मध्यस्थ) सोडून द्या.

आधी बघा, बिल कोणाचे आहे. फॉरवर्डर बहुतेक वेळा स्वतःचे बिल देतो, त्याला हाउस बिल म्हणतात. जहाज कंपनीचे मास्टर बिल त्याच्या नावावर राहते. अशा वेळी मोंबासात तुम्हाला जहाज कंपनीकडून थेट काही मिळत नाही. फॉरवर्डरचा तिथला एजंट आधी स्वतःचे पैसे घेतो, मग डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल ताब्यात द्यायची चिठ्ठी, देतो. त्याचे दरपत्रक तुम्ही मुंबईत पाहिलेले नसते, आणि गाडी त्याच्या ताब्यात असल्याने घासाघीस करायला तुमच्या हातात काही उरत नाही. मुंबईत भाडे आश्चर्य वाटण्याइतके स्वस्त सांगितले असेल, तर उरलेले मोंबासात काढायचे ठरलेले आहे असे खुशाल समजा. माझे मत पक्के आहे: पूर्ण कंटेनर घ्या आणि मास्टर बिल स्वतःच्या नावावर घ्या. २० फुटी कंटेनरमध्ये एक एसयूव्ही बसते, ४० फुटीमध्ये दोन. जोडीदार मिळाला तर ४० फुटी घ्या. दुचाकीवाल्यांना इतरांच्या मालाबरोबर कंटेनर वाटून घेण्याचा मोह होतो. त्यात एका खोक्याच्या मालकाचे कागद अडले की कधी कधी सगळ्यांचाच माल थांबतो. चार-पाच दुचाकीवाल्यांनी मिळून एक कंटेनर भरावा, ते परवडते.

नंतर नाव. पासपोर्टवर, आरसीवर, कार्नेवर आणि बिलावर ते अक्षरशः एकच हवे. आपल्याकडे आरसीवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव असते, पासपोर्टमध्ये आडनाव वेगळ्या रकान्यात जाते, आणि बिल लिहिणारा कारकून नुसती आद्याक्षरे टाकून मोकळा होतो. आपल्याला तिन्ही माणसे एकच वाटतात, कस्टम्सवाल्याला ती तीन दिसतात. बिल एकदा निघाले की दुरुस्तीला पैसे पडतात आणि दिवस जातात. चॅसी नंबरही बोट ठेवून ताडून बघा. सतरा आकड्या-अक्षरांत आठाचा बी आणि शून्याचा ओ व्हायला वेळ लागत नाही.

मालाच्या वर्णनात "वापरलेले खासगी वाहन, कार्नेवर तात्पुरती आयात" हे इंग्रजीत स्पष्ट यायला हवे. नुसते "मोटार कार" लिहिले तर पुढे आयात शुल्काची चर्चा सुरू होते. आणि अंतिम ठिकाण मोंबासाच लिहून घ्या. नैरोबी लिहिले असेल तर कंटेनर रेल्वेने नैरोबीच्या कोरड्या बंदरात, म्हणजे समुद्रापासून दूरच्या कंटेनर आगारात, जाईल आणि तुम्ही मोंबासात समुद्र बघत बसाल.

शेवटी मूळ प्रती. बिलाच्या साधारणपणे तीन मूळ प्रती निघतात आणि त्यातली एक जमा केली की माल सुटतो. त्या खिशात घालून आफ्रिकेत नेऊ नका. मुंबईतच सगळ्या जमा करा, जहाज कंपनीकडून टेलेक्स रिलीज, म्हणजे मूळ प्रतीशिवाय माल सोडण्याची सूचना, करून घ्या आणि तो झाल्याची ईमेल हातात आल्याशिवाय विमानात बसू नका.

पायरी २ : तीन मीटर

कंटेनर उतरला की पैशाची तीन मीटर वेगवेगळी पळायला लागतात. कंटेनर आवारात पडून राहिला तर बंदर साठवणुकीचे भाडे घेते. मोफत दिवस संपल्यावर जहाज कंपनी डेमरेज लावते. कंटेनर बाहेर नेऊन रिकामा परत करायला उशीर केला तर तीच कंपनी डिटेन्शनही लावते. मोफत दिवस किती, हे बुकिंग करतानाच ठरते. १४ मागा आणि लेखी घ्या.

गोंधळ इथेच होतो, कारण मोंबासात पुष्कळ कंटेनर किलिंदिनी बंदरातून उचलून शहरातल्या एखाद्या सीएफएसमध्ये, म्हणजे खासगी कंटेनर आवारात हलवतात. एकदा माझा कंटेनर असाच हलवला गेला आणि कस्टम्समधून गाडी सोडवून देणारा माझा एजंट मला बंदर दाखवत फिरवत राहिला. आवाराच्या भाड्याचा आकडा समोर आला तेव्हा कळले की गाडी केव्हाच दुसरीकडे आहे. तेव्हापासून मी रोज सकाळी एकच प्रश्न लेखी विचारतो: कंटेनर आत्ता कुठे आहे? "होईल, होईल" हे त्याचे उत्तर नव्हे.

एजंट मात्र लागतोच. स्वतः सगळे करू म्हणणाऱ्यांचे दिवस रांगेत जातात. त्याच्याकडून खर्चाची बाबवार यादी आधी घ्या. पावती मिळणारे खर्च एकीकडे, त्याची फी दुसरीकडे. "किरकोळ खर्च" अशी गोल रक्कम दिसली की फोड मागा.

विमानाचे तिकीट जहाजाच्या अंदाजे तारखेवर काढू नका. तारीख सरकते, आणि धक्क्याला लागण्याआधी जहाज बाहेर नांगर टाकून थांबू शकते. कंटेनर उतरल्याचे कळले की निघा. आठवड्याच्या सुरुवातीला पोचा, शुक्रवारी दुपारनंतर पोचून काही हलत नाही.

पायरी ३ : कस्टम्स आणि कार्ने

अधिकारी चॅसी आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष बघतो. तो कुठे कोरला आहे ते तुम्हाला ठाऊक हवे. त्या जागेवरची धूळ, ग्रीस आधीच पुसून ठेवा.

कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. खालचा भाग प्रवेशाच्या वेळी फाडून घेतात, मधला बाहेर पडताना, आणि वरचा दोन्ही शिक्के घेऊन तुमच्याजवळ राहतो. अधिकारी नवखा असेल तर भलताच भाग फाडू शकतो, म्हणून तो शिक्का मारत असताना शेजारी उभे राहा आणि नम्रपणे बोट दाखवा. भीड धरू नका, तुमची बँक गॅरंटी त्या कागदावर अडकलेली आहे. वरच्या भागावर शिक्का, तारीख, सही तिन्ही आहेत हे बघून तिथल्या तिथे फोटो काढा.

पायरी ४ : कंटेनर उघडणे

बूट आणि चमकणारे जाकीट घालून जा, चपलेवर आत सोडत नाहीत. सील तोडण्याआधी त्याचा नंबर बिलाशी जुळवा, फोटो काढा. बॅटरीच्या तारा काढलेल्या असतात, तेव्हा १० नंबरचा पाना गाडीत नव्हे, हातातल्या पिशवीत हवा. गाडीभोवती फिरून बघितल्याशिवाय कशावरही सही करू नका. ओरखडा दिसला तर सहीच्या वरच तसे लिहा, नाहीतर विमा कंपनी हात वर करेल.

पायरी ५ : फाटकाबाहेर

पहिला थांबा पेट्रोल पंप, दुसरा विमा. स्थानिक थर्ड पार्टी विम्याबरोबर कोमेसाचे (पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांची व्यापारी संघटना) पिवळे कार्ड घ्या, म्हणजे युगांडा, झांबिया, मलावीत पुन्हा विमा शोधावा लागत नाही. रिकामा कंटेनर परत गेल्याची पावती एजंटाकडून घेतल्याशिवाय त्याचा शेवटचा हप्ता देऊ नका. तिसरे मीटर अजून चालूच असते.

मोंबासा–नैरोबी रस्ता सुमारे ४८० किलोमीटरचा आणि ट्रकांनी भरलेला आहे, रात्री त्यावर जाऊ नका. टांझानियालाच जायचे असेल तर नैरोबीची गरज नाही. दक्षिण किनाऱ्याने लुंगा लुंगाची सीमा जवळ पडते. तिथे मधला भाग फाडून घेऊन वर दुसरा शिक्का मारला का, ते खिडकीवरून हलण्याआधी बघा. पलीकडे टांझानियाच्या खिडकीवर नवे पान सुरू होते.