सिल्की कोंबड्या: पावसाळ्याआधीची तयारी आणि पावसातली देखभाल

सिल्कीच्या पिसाला पाणी झेपत नाही. इतर कोंबड्यांच्या पिसाचे बारीक धागे आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून पिसाचे सलग पाते बनते आणि पाऊस त्यावरून निथळतो. सिल्कीत हे आकडे नसतात. धागे सुटे राहतात, अंग रेशमासारखे मऊ लागते आणि एक जोराची सर आली की पक्षी कातडीपर्यंत भिजतो. त्यात ती उडू शकत नाही, डोक्यावरच्या पिसांच्या झुपक्यामुळे तिला समोरचेही नीट दिसत नाही आणि स्वभाव इतका गरीब की आडोशाला पळायचे सोडून कित्येकदा जागच्या जागी गोळा होऊन बसते. मुलांनी उचलली तरी न चावणारी, परसात सहज रमणारी ही कोंबडी पावसाळ्यात मात्र आपली काळजी आपण घेत नाही. ती पाळणाऱ्यालाच घ्यावी लागते.

खुराडे

लहान जातीची सिल्की साधारण एक किलोची असते, त्यामुळे एरवी आत प्रत्येकी २ चौरस फूट जागा पुरते. पावसाच्या दिवसांत पक्षी दिवसभर आतच राहतात, म्हणून ४ चौरस फूट धरा. बाहेरच्या जाळीबंद अंगणालाही छप्पर हवे. तळ जमिनीपासून फूट-दीड फूट उचललेला ठेवा आणि छपराचा पुढावा भिंतीच्या बाहेर किमान दीड फूट काढा. पुढावा आखूड असला की वाऱ्याची झड आत येते आणि पहिल्याच आठवड्यात तळावर पसरलेल्या तुसाची गादी बिघडते.

पाऊस लागला की चारही बाजूंनी ताडपत्री बांधण्याची चूक सर्रास होते. मग आतली वाफ आतच राहते, विष्ठेतला अमोनिया साठतो आणि डोळे व श्वासनलिका सुजतात. ताडपत्री फक्त झडीच्या बाजूला सोडा आणि वर छपराखाली सहा इंचांची जाळीची पट्टी समोरासमोरच्या दोन भिंतींना कायम उघडी ठेवा. हवा पक्ष्याच्या डोक्यावरून जायला हवी, अंगावरून नको. तपासायचे असेल तर खाली वाकून आपले नाक कोंबडीच्या उंचीवर आणा आणि अर्धा मिनिट थांबा. डोळे चुरचुरले तर गादी आजच बदला. उभ्याने हा वास येत नाही.

बसायची दांडी ८ ते १२ इंच उंचीवर, दोन इंच रुंद आणि सपाट असावी. पुष्कळ सिल्की तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत आणि कोपऱ्यात एकमेकींवर ढीग करून झोपतात. त्याला हरकत नाही, पण याचाच अर्थ त्यांची रात्र गादीवर जाते. खुराड्यातून खाली उतरायला फूटभर उंचीसाठी तीन फूट लांबीची फळी उतरती लावा आणि तिच्यावर दर चार इंचांवर पट्टी ठोका. ओल्या फळीवरून घसरलेली सिल्की दुसऱ्या दिवशी बाहेर यायचेच टाळते. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली घ्या. मुंगूस किंवा घूस खालून उकरते, म्हणून अंगणाची जाळी फूटभर जमिनीत गाडा.

गादी

भाताचे तूस किंवा रंध्याने निघालेले लाकडाचे छिलके ३ ते ४ इंच पसरा. करवतीचा बारीक भुसा नको, तो पायांच्या पिसांत चिकटतो आणि पिल्ले तो खातात. रोज सकाळी पाण्याच्या भांड्याभोवतीची आणि झोपण्याच्या कोपऱ्यातली गादी हाताने वरखाली करा. एक मूठ घट्ट दाबून उघडा: गोळा तसाच राहिला तर गादी ओली, हलकेच सुटला तर ठीक, अजिबात न जमता धूळ उडाली तर फारच कोरडी. ओला भाग काढून नवा टाका. चुना टाकणारच असाल तर विझवलेला, तोही जुनी गादी काढल्यावर तळावर पातळ हाताने, पक्षी बाहेर असताना. ओल्या पिसाळ पायांना वरून टाकलेला चुना भाजतो.

हे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यात वाढणारा सूक्ष्म परजीवी जंतू. विष्ठेतून पडलेली त्याची अंडी उबदार ओलीत एक-दोन दिवसांत रोग लावण्याजोगी होतात, कोरड्या गादीत ही वाढ अडते. ३ ते ८ आठवड्यांची पिल्ले सर्वांत धोक्यात असतात. पिल्लू पिसे फुगवून, खांदे उतरवून उभे राहिले आणि विष्ठेत तांबूस किंवा रक्ताचा अंश दिसला की त्याच दिवशी पशुवैद्यकाला विचारून अँप्रोलियम सुरू करा. २० टक्क्यांची पूड असेल तर पाण्यात लिटरला साधारण १.२ ग्रॅम, पाच दिवस, दुसरे पाणी न देता. हे औषध जीवनसत्त्व ब-१ चे सोंग घेऊन जंतूला उपाशी ठेवते. म्हणून त्याच दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देणे म्हणजे एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे. जीवनसत्त्वे औषध संपल्यावर द्या, आणि औषध मुदतीपेक्षा लांबवू नका.

भिजलीच तर

टॉवेलने दाबून पाणी टिपा. चोळू नका, धागे गुंततात आणि त्यांच्या जटा होतात. मग हेअर ड्रायर मंद गरम ठेवून, फूटभर अंतरावरून, सतत हलवत वापरा आणि मध्ये आपला हात धरून उष्णता पाहत राहा. पाठ लवकर सुकते, पोट आणि मांड्यांच्या आतला भाग तासाभरानेही ओला असतो. छातीवरची पिसे फुंकर मारून बाजूला करा. खालची काळी कातडी कोरडी दिसली आणि बोटाला उबदार लागली तरच कोंबडी खुराड्यात सोडा. अर्धवट सुकलेली कोंबडी रात्रीच्या गारव्यात गारठते, आणि सकाळी ती खात नाही एवढेच आपल्याला दिसते.

पाय, नखे आणि झुपका

सिल्कीला पाच बोटे असतात आणि पाय पिसांनी झाकलेले. चिखल त्या पिसांत अडकून सुकतो, बोटाभोवती दगडासारखा आवळतो आणि रक्तपुरवठा तोडतो. असा गोळा ओढून काढला तर नखच उपटून येते. कोमट पाण्यात पाय दहा मिनिटे बुडवून ठेवा, गोळा मऊ झाला की बोटांनी चुरगाळून सोडवा, मग पाय पूर्ण सुकवा. वरच्या, पाचव्या बोटाचे नख जमिनीला लागत नसल्याने झिजत नाही, ते वळून वाढते. नख गडद असल्याने आतली रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून एका वेळी एक-दोन मिलिमीटरच कापा. रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा.

पायांच्या पिसांखाली खवले उचललेले आणि राखाडी पापुद्रे दिसले तर ते पायाच्या कोळ्यांचे, म्हणजे खवल्यांखाली राहणाऱ्या अगदी बारीक किड्यांचे, काम. पाय कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासा, सुकवा आणि पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावा. आठवड्यातून दोनदा, महिनाभर, आणि कळपातल्या सगळ्यांना. एकीवर उपचार करून भागत नाही.

गुदद्वाराभोवतीची पिसे बोथट टोकाच्या कात्रीने आखूड करा, तिथेच विष्ठा चिकटते आणि उवांची अंडी गठ्ठ्याने दिसतात. डोळ्यांभोवतीचेही केस कापा. ओला झुपका डोळ्यात घासत राहिला की पाणी येते, मग सूज. पसरट पाण्याच्या भांड्यात दाढी आणि झुपका दिवसातून वीस वेळा भिजतात, त्यासाठी निपलचे, म्हणजे चोचीने दाबल्यावर पाणी सोडणाऱ्या तोटीचे, भांडे उत्तम. नवीन निपल लावताना जुने भांडे लगेच काढू नका. सगळ्या पक्ष्यांना निपल दाबताना डोळ्यांनी पाहा, मगच काढा.

मान वाकडी होणे

गावाकडे वाकडी मान म्हणजे मानमोडी, म्हणजे राणीखेत, असे धरून चालतात. सिल्कीत ही घाई महागात पडते, कारण या जातीत मान वळण्याची कारणे अनेक आहेत. झुपक्याखाली पुष्कळ सिल्कींची कवटी उंचवटलेली असते आणि त्या उंचवट्यावरचे हाड पुरते जुळलेले नसते. तिथे दुसऱ्या कोंबडीची चोच बसली की मेंदूला मार लागतो. पावसात सगळे पक्षी एका छपराखाली दाटीने राहिले की टोचणे वाढते, म्हणून आक्रमक किंवा जड जातींबरोबर सिल्की ठेवूच नयेत.

ओळखायचे कसे? एकच पक्षी, अचानक, झुपक्यात खपली किंवा टक्कल आणि बाकीचे पक्षी ठणठणीत असतील तर मार लागल्याचा संशय घ्या. तरुण पक्षी, जुने किंवा कुबट खाद्य आणि हळूहळू वाढणारा वळसा असेल तर जीवनसत्त्व ई कमी पडले असावे. खाद्यातली चरबी खवट झाली की ई नष्ट होते, आणि दमट हवेत हे लवकर घडते. एक पाय पुढे, एक मागे, खाऊनही वजन उतरते आहे आणि वय दीड ते सहा महिने असेल तर मॅरेक्स. सिल्की या रोगाला विशेष बळी पडतात आणि त्यावर औषध नाही. लस पहिल्याच दिवशी टोचावी लागते, म्हणून पिल्ले घेताना ती दिली आहे का ते विचारा. चार-पाच दिवसांत अनेक पक्षी आजारी, धाप, हिरवट जुलाब आणि मऊ कवचाची अंडी असतील तर राणीखेत समजा. अशा वेळी, किंवा एकाएकी पक्षी मरू लागले तर, पक्षी हलवू नका, विकू नका, पशुवैद्यकाला लगेच बोलवा. बर्ड फ्लूची लक्षणेही अशीच असतात.

मार किंवा कमतरतेचा पक्षी वेगळ्या, बुटक्या खोक्यात ठेवा. दोन्ही बाजूंना गुंडाळलेला टॉवेल लावा, म्हणजे तो उलटत नाही. खाद्य पाण्यात कालवून हाताने भरवा, पाणी चोचीच्या कडेला थेंबाथेंबाने सोडा. थेट घशात ओतले तर श्वासनलिकेत जाते. जीवनसत्त्व ई ची ४०० आययूची कॅप्सूल टोचून तेल खाद्यावर रोज एकदा द्या. सोबत उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या, त्यातून थोडे सेलेनियम मिळते. सेलेनियमच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने नकोत, जास्त झाले तर ते विष आहे. मान सरळ व्हायला दोन ते चार आठवडे लागू शकतात. तिसऱ्या दिवशी फरक नाही म्हणून आशा सोडू नका.

खुडूक आणि पिल्ले

सिल्की वर्षाला साधारण १०० ते १२० अंडी देते, कारण मध्येच खुडूक होऊन बसते. पावसाच्या ऐन भरात तिच्याखाली अंडी ठेवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. अंडी २१ दिवसांत फुटतात आणि पिल्लांचे तीन ते आठ आठवड्यांचे वय, म्हणजे कॉक्सिडियाचा काळ, नेमका ओलीत सापडतो. पाऊस ओसरताना पिल्ले बाहेर येतील असा हिशेब मांडा. बसवायचीच झाली तर जमिनीलगत, फूटभर लांबी-रुंदीचे, चार इंच उंबऱ्याचे खोके द्या आणि स्वतःची आठ-नऊ किंवा मोठ्या कोंबडीची पाच-सहा अंडी ठेवा. ती रोज एकदा उठून खाते ना, हे पाहा. उठत नसेल तर उचलून खाद्यापाशी ठेवा.

खुडूक मोडायची असेल तर तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, खाद्य-पाण्यासह, तीन-चार दिवस ठेवा. पोटाला खालून हवा लागली की बसण्याची ओढ उतरते. पाण्यात बुडवण्याचा जुना उपाय सिल्कीवर करू नका.

दिव्याखाली वाढवलेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस आणि पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. पाण्याच्या ताटलीत गोट्या टाका, नाहीतर पिल्लू त्यात भिजते. नर-मादी ओळखायला बहुधा पाच-सहा महिने लागतात, त्याआधी कुणी छातीठोक सांगितले तर विश्वास ठेवू नका.

खाद्य आणि संध्याकाळची फेरी

मोठ्या कोंबडीला अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचे खाद्य, प्रथिने सुमारे १६ टक्के. पिल्लांना १८ ते २० टक्के प्रथिनांचे वेगळे. मोठ्यांच्या खाद्यातले जादा कॅल्शियम पिल्लांची मूत्रपिंडे बिघडवते. पावसात तीन-चार आठवडे पुरेल इतकेच खाद्य आणा, पोती फळीवर आणि भिंतीपासून दूर ठेवा. गुठळी झालेले किंवा कुबट वासाचे खाद्य उन्हात वाळवून वापरू नका, बुरशीचे विष उन्हाने जात नाही. देवीचा रोग डासांमुळे पसरतो, म्हणून खुराड्याभोवतीचे साचलेले पाणी काढा आणि त्याची लस पावसाआधी टोचून घ्या.

रोज अंधार पडताना प्रत्येक पक्षी हातात घ्या. गळ्याशी अन्नपिशवी भरलेली हवी, सकाळी ती रिकामी सापडायला हवी. सिल्कीचा तुरा मुळातच गडद जांभळट असल्याने फिकेपणा किंवा निळेपणा पटकन कळत नाही, आणि फुगीर पिसांखाली रोडावलेले अंगही लपते. म्हणून बोट छातीच्या हाडावर फिरवा. हाड सुरीच्या पात्यासारखे लागले तर पक्षी काही दिवसांपासून खात नाही. आठवड्यातून एकदा वजन करा. किलोच्या कोंबडीचे शंभर ग्रॅम उतरले की तिला वेगळी ठेवून विष्ठा तपासायला द्या.