अस्सल-नकली भागांची महागडी घड्याळे: संग्राहकांनी या चुका टाळाव्यात

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनेव्हातील एका लिलावात ओमेगा स्पीडमास्टरच्या अगदी पहिल्या मालिकेतले, १९५७ सालचे म्हणून मांडलेले एक घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला विकले गेले. ते विकत घेतले होते खुद्द ओमेगाने, आपल्या संग्रहालयासाठी. आणि २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केले, की वेगवेगळ्या ठिकाणचे, बहुतांशी अस्सल असलेले भाग जोडून ते तयार केलेले होते. भाग अस्सल असणे निराळे आणि घड्याळ अस्सल असणे निराळे, हा फरक विसरण्यातूनच संग्राहकांच्या बहुतेक चुका होतात. अशा जुळवलेल्या घड्याळांना संग्राहक ‘फ्रँकनवॉच’ म्हणतात. त्यांतला सर्वांत फसवा प्रकार म्हणजे ज्यात अस्सल भागांना नकली भागांची जोड दिलेली असते.

अशा घड्याळात अस्सल भाग कुठे बसवलेला असतो, हे आधी ध्यानात घ्यावे. तो डोळ्यांना प्रथम दिसेल अशाच जागी असतो: तबकडी, काटे, चावी (वेळ लावण्याची बाजूची गुंडी), बेझेलची म्हणजे काचेभोवतीच्या कड्याची चकती. नकली असते ती केस, म्हणजे घड्याळाचे बाहेरचे घर, आणि आतले यंत्र, म्हणजे जे पाहायला पट्टा काढावा लागतो किंवा मागचे झाकण उघडावे लागते. त्यामुळे तबकडीची कितीही सुबक छायाचित्रे मिळाली, तरी यंत्र, झाकणाची आतली बाजू आणि पट्ट्याखालची जागा पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. रोलेक्सच्या जुन्या घड्याळांत सिरियल नंबर पट्ट्याखाली, सहाच्या बाजूला कोरलेला असे. २००५ नंतर तो काचेखालच्या आतल्या कड्यावर येऊ लागला. ‘पट्टा काढता येत नाही’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक म्हणजे भागांचे काळ न जुळवणे. अंधारात खुणा चमकाव्यात म्हणून रोलेक्सच्या तबकड्यांवर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियम, त्यानंतर १९९८ च्या सुमारापर्यंत ट्रिटियम आणि पुढे ल्युमिनोव्हा वापरले गेले. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षांचे असल्याने १९७० च्या दशकातील तबकडी आज अंधारात जवळजवळ निस्तेजच दिसायला हवी. सहाच्या खुणेखाली ‘टी स्विस टी’ (‘टी’ म्हणजे ट्रिटियम) अशी अक्षरे आहेत आणि ठिपके मात्र तासन्‌तास लख्ख उजळतात, तर लेप नवा आहे किंवा तबकडीच नक्कल आहे. उलट, १९८० च्या दशकातील केसवर ‘स्विस मेड’ लिहिलेली, म्हणजे ट्रिटियमनंतरच्या काळातली, तबकडी असेल, तर ती दुरुस्तीच्या वेळी बदललेली असू शकते. त्यात लबाडी असेलच असे नाही, परंतु किंमत त्यानुसारच ठरायला हवी.

सेकंदकाटा किती अलगद सरकतो यावरून निर्वाळा देण्याची सवयही सोडावी. रोलेक्सचे ३१३५ आणि नकली घड्याळांत अनेकदा आढळणारे, ईटीए या स्विस यंत्रनिर्मात्या कंपनीचे २८३६, ही दोन्ही यंत्रे ताशी २८,८०० ठोक्यांनी चालतात. काट्याच्या चालीत फरक दिसणार कसा? झाकण उघडल्यावर मात्र फरक कळतो. ३१३५ मध्ये वेग कमी-जास्त करण्यासाठी तोलचक्रावरच (पुढे-मागे झुलून वेळ राखणाऱ्या चाकावरच) बारीक चाक्या बसवलेल्या असतात. ईटीएमध्ये त्यासाठी वर एक छोटा दांडा असतो. ३१३५ च्याही नकला निघालेल्या असल्यामुळे नुसती रचना पाहून थांबू नये; जाणकार घड्याळजीकडून घडणीचीही तपासणी करून घ्यावी.

खरा त्रास सुरू होतो तो भाग बळेच बसवल्याने. तबकडीच्या पाठीला दोन बारीक खुंट्या असतात आणि त्या यंत्राच्या पाट्यातील ठरावीक छिद्रांत बसतात. यंत्र बदलले की छिद्रांच्या जागा बदलतात, म्हणून अस्सल तबकडी परक्या यंत्रावर बसवताना त्या खुंट्या कापून तबकडी चक्क चिकटपट्टीच्या टिकल्यांनी चिकटवली जाते. उष्णतेने किंवा धक्क्याने ती सरकते, तारीख खिडकीच्या मध्यभागी राहत नाही आणि काटे घासू लागतात. चांगली तबकडी अशी कायमची अधू करण्याइतके वाईट काम या छंदात दुसरे नसेल. काट्यांचेही तसेच: अक्षाची जाडी जुळत नाही म्हणून भोक रुंद केले जाते किंवा दाबून लहान केले जाते, आणि सैल काटा हळूहळू घसरतो. तपासणीसाठी चावीने वेळ बरोबर बारावर आणावी आणि मग तीन, सहा व नऊ वाजता तासकाटा नेमका खुणेवर येतो का ते पाहावे. एखाद्या ठिकाणी तो मागे-पुढे राहत असेल, तर काटे काढून भोके तपासावी लागतील.

तबकडीवर छापलेल्या खोलीच्या आकड्यावर विसंबून असे घड्याळ पाण्यात नेऊ नये. तो आकडा मूळ केससाठी होता. केसमधल्या नकली नळीवर अस्सल चावी फिरत असेल, तर आटे आणि रबरी कडी जुळतीलच याची खात्री नसते. काचेच्या आत धुके दिसले, तर उन्हात ठेवून वाळवत बसू नये. ओल आतच राहते आणि पोलादी भाग गंजतात. त्याच दिवशी घड्याळ उघडून घ्यावे.

खोका आणि कार्ड फक्त त्यांवरील क्रमांकापुरते बोलतात. पाटेक फिलिपसारख्या कंपनीचा अभिलेख-उतारा मिळाला, तरी त्यात असते ती दप्तरातील नोंद. आज बसवलेली तबकडी मूळचीच आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

असे घड्याळ आधीच संग्रहात आले असेल, तर दुरुस्तीपूर्वी घड्याळजीला सर्व सांगावे, म्हणजे चुकीचा भाग मागवला जाणार नाही; कंपनीची अधिकृत केंद्रे अशी घड्याळे सहसा नाकारतात. विकताना ‘तबकडी अस्सल, खुंट्या कापलेल्या; केस नकली; यंत्र ईटीए’ इतक्या स्पष्ट शब्दांत लिहून द्यावे. अर्थात बनावट नाममुद्रा असलेली वस्तू विकणे अनेक देशांत गुन्हा आहे आणि सीमाशुल्क विभाग ती जप्तही करू शकतो. म्हणून माझ्या मते घड्याळ अखंड विकूच नये. अस्सल भाग सोडवून, त्यांतील दोष सांगून, ज्याच्या अस्सल घड्याळात नेमका तोच भाग कमी आहे अशा संग्राहकाला द्यावेत आणि नकली केस मोडीत काढावी.