वादळानंतरचा शेजार: ह्यूस्टन परिसरात नव्यानं आलेल्यांसाठी

कॅटी, शुगरलँड किंवा सायप्रेसला घर बघताना शाळा, ऑफिसचं अंतर आणि भाडं एवढं सगळे बघतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम आहे हे बहुतेकांना पहिलं वादळ येतं तेव्हा कळतं. इथल्या वादळांचे दोन चेहरे आहेत. २०१७ च्या हार्वीनं पाणी आणलं आणि पूररेषेच्या बाहेरची, पूरविमा नसलेली हजारो घरं भिजवली. २०२४ ची बेरिल किनाऱ्यावर आली ती फक्त पहिल्या श्रेणीची, पण तिनं वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज घालवली, तीही जुलैच्या उकाड्यात. दोन्ही वेळी पहिले दोन-तीन दिवस मदत म्हणजे पलीकडचं दार. सरकारी आणि स्वयंसेवी मदत येते, पण रस्ते मोकळे झाल्यावर.

म्हणून पहिलं काम मे महिन्यातच करा: दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरांची नावं व फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. कोणाकडे चेनसॉ आहे, कोणाकडे जनरेटर, कोण नर्स आहे, कोणाचे आईवडील ऑक्सिजनच्या यंत्रावर आहेत, हे त्याच कागदावर टिपा. टॉवर अर्धवट चालू असतात तेव्हा व्हॉट्सॲप अडकतं, साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. घरात विजेवर चालणारं वैद्यकीय यंत्र असेल तर २११ वर फोन करून टेक्सासच्या 'स्टेअर' (STEAR) या आपत्कालीन मदतीच्या नोंदणीत नाव घाला. ही नोंद दरवर्षी नव्यानं करावी लागते.

मदत विचारण्याची इथली रीत समजून घ्या. "काही हवं का?" असं विचारलंत की घरात गुडघाभर चिखल असला तरी उत्तर येतं, "वी आर गुड." त्याऐवजी ठरावीक काम पुढे करा: "माझ्याकडे तीन तास आहेत, कार्पेट बाहेर काढू या का?" आपला संकोच याच्या उलट्या बाजूनं आड येतो. कोणी विचारलं की आपण "नको, नको" म्हणतो, आणि इथे नको म्हणजे नकोच धरलं जातं, दुसऱ्यांदा आग्रह होत नाही. हवं असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणा. जेवण नेणार असाल तर एकेकाचा बंद डबा न्या आणि वर घटक लिहा. शेंगदाण्याची ॲलर्जी इथे बऱ्याच मुलांना असते आणि आपलं कूट साबुदाण्याच्या खिचडीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळीकडे असतं.

वीज गेली असेल तर

बिल तुम्ही एका रिटेल कंपनीला भरता, पण ह्यूस्टनच्या बहुतेक भागात तारा आणि मीटर सेंटरपॉइंटचे असतात. तक्रार तिथे नोंदवायची. भिंतीवरचा मीटर आणि वरचा पाइप, ज्याला मास्ट म्हणतात, हेही बघा. झाड पडून मास्ट वाकला असेल तर तो घरमालकानं परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घ्यायचा असतो. त्याआधी वीज जोडली जात नाही. गल्लीत सगळीकडे दिवे लागतात आणि एकच घर अंधारात राहतं, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. शेजारचे आजी-आजोबा कंपनीची वाट बघत बसले असतील तर त्यांचा मास्ट तुम्हीच बघून या. तुटून लोंबणाऱ्या तारेपासून मात्र निदान ३५ फूट लांब राहा.

जनरेटर घरापासून कमीत कमी २० फूट दूर, धूर सोडणारी बाजू सगळ्यांच्या खिडक्यांपासून उलटी, तुमच्या आणि शेजाऱ्याच्याही. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवला तरी कार्बन मोनॉक्साइड घरात भरतो. त्याला वास नसतो. बॅटरीवरचा डिटेक्टर लावल्याशिवाय झोपू नका. घरात कोळशाची शेगडी किंवा ग्रिल पेटवणं तितकंच जीवघेणं आहे. जनरेटरची वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसून घराला वीज देऊ नका. ती वीज उलटी खांबावर जाते आणि तिथे काम करणारा लाइनमन मरू शकतो.

२००० वॅटचा छोटा इन्व्हर्टर जनरेटर एक फ्रिज आणि दोन पंखे सहज चालवतो. दार बंद ठेवलेला फ्रिज विजेविना ४ तास, भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. त्यामुळे शेजारच्या दोन-तीन घरांनी एका जनरेटरवर पाळ्या लावल्या तर बहुतेक अन्न वाचतं. वायर १२ गेजची, बाहेर वापरायची घ्या. बारीक वायर लांब ओढली की तापते आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर जळू शकतो. पेट्रोल घालण्याआधी यंत्र बंद करून थंड होऊ द्या.

उन्हाळ्यात भारतातून आलेले आईबाबा घरात असतील तर त्यांना गरम घरात ठेवू नका. वीज असलेल्या घरी किंवा शहरानं उघडलेल्या कूलिंग सेंटरमध्ये न्या. "आम्हाला सवय आहे" असं ते म्हणतील. पण इथली घरं एसी धरून बांधलेली असतात, वारा खेळत नाही. रात्रीही आत उकडत राहतं.

पाणी शिरलं असेल तर

आत जाण्याआधी नळाच्या पाण्याचा निरोप बघा. 'बॉइल वॉटर नोटीस' (पाणी उकळून प्या अशी सूचना) असेल तर पाणी खळखळून २ मिनिटं उकळा. साचलेल्या पाण्यात सांडपाणी, काचा, साप आणि फायर अँट या डंख मारणाऱ्या मुंग्यांचे तरंगणारे गोळे असतात. गमबूट, जाड हातमोजे आणि एन-९५ मास्क हवेतच. धनुर्वाताची लस झाली आहे ना ते बघा. ब्रेकरचं पॅनेल ओलं असेल किंवा तिथवर पाण्यातून जावं लागत असेल तर हात लावू नका. एसीचं बाहेरचं युनिट बुडालं असेल तर तपासल्याशिवाय सुरू करू नका.

बुरशी २४ ते ४८ तासांत धरते, म्हणून विम्याचा माणूस येईपर्यंत थांबायचं नाही. थांबायचं ते फोटोंपुरतं: प्रत्येक खोली, भिंतीवरची पाण्याची रेघ टेप लावून, उपकरणांचे सीरियल नंबर. कार्पेट आणि लाकडी फरशीचा एक तुकडा कापून पिशवीत ठेवा, तो दाव्याला लागतो. शेजाऱ्याकडे मदतीला गेलात तर त्याच्या डोळ्यांदेखत विचारल्याशिवाय एकही वस्तू ढिगावर टाकू नका. भिजलेला अल्बम तुम्हाला कचरा वाटतो.

मग मक-आउट, म्हणजे भिजलेलं सगळं काढून बाहेर टाकणं. आधी फर्निचर, मग कार्पेट आणि खालचं पॅड, बेसबोर्ड (भिंतीच्या तळाची पट्टी), शेवटी शीटरॉक, म्हणजे इथल्या भिंतींचे जिप्समचे पत्रे. रेघ एक-दीड फुटावर असली तरी शीटरॉक ४ फुटांवर कापतात. त्याला दोन कारणं: पाणी आतून वर चढतं, आणि पत्रे बहुधा आडवे लावलेले ४ फूट रुंद असतात, त्यामुळे कापलेल्या जागी नवा पत्रा बरोबर बसतो. करवतीचं पातं अर्ध्या इंचावर ठेवा. शीटरॉक तेवढाच जाड असतो, पातं आत गेलं तर वायर किंवा पाइप कापला जाईल. ओलं इन्सुलेशन सगळं काढा, सुकवून परत लावता येत नाही. उघडे स्टड, म्हणजे भिंतीच्या आतले उभे लाकडी खांब, डिटर्जंट आणि ब्रशनं घासा. नुसतं ब्लीच फवारून लाकडातली बुरशी जात नाही, आणि ब्लीच अमोनियाच्या कुठल्याही द्रवात मिसळलं तर विषारी वायू होतो.

रस्त्याकडेचे ढीग वेगळे करा: झाडं, बांधकामाचा राडा, फ्रिज-वॉशर, इलेक्ट्रॉनिक्स, रंग-रसायनं. एकत्र केलेला ढीग ट्रक सोडून जातो. वायरखाली, पाण्याच्या मीटरवर किंवा फायर हायड्रंटसमोर काही टाकू नका. फ्रिज उघडू नका, टेपनं बांधून बाहेर ठेवा.

पैसा, भाडं आणि व्हिसा

नेहमीच्या घरविम्यात पूर नसतो. सरकारी पूरविमा साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो, म्हणून वादळाचं नाव टीव्हीवर आल्यावर घेऊन उपयोग नाही. भाडेकरूला फक्त सामानाचा पूरविमा मिळतो, १ लाख डॉलरपर्यंत. वाऱ्याच्या नुकसानीचा डिडक्टिबल टक्क्यांत असतो: ४ लाखांचा विमा आणि २ टक्के म्हणजे पहिले ८ हजार डॉलर तुमचे. शेजाऱ्याचं झाड तुमच्या छपरावर पडलं तर बहुतेक वेळा दावा तुमच्याच विम्यावर होतो, त्यावरून शेजार तोडू नका.

निवारा, पाणी, जेवण ही मदत कोणालाही मिळते, व्हिसा विचारत नाहीत. फेमाचं (केंद्र सरकारची आपत्ती मदत संस्था) रोख साहाय्य मात्र एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना स्वतःच्या नावावर मिळत नाही. घरात अमेरिकेत जन्मलेलं मूल असेल तर त्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर, त्याच्या वतीनं पालक अर्ज करू शकतात. ही गोष्ट अनेक मराठी कुटुंबांना माहीत नसते आणि साधारण ६० दिवसांची मुदत निघून जाते. नकाराचं पत्र आलं तर शेवटपर्यंत वाचा. बऱ्याचदा विम्याचं पत्र किंवा पत्त्याचा पुरावा एवढंच कमी असतं, आणि अपील करता येतं.

विद्यार्थ्यांनो, शेजाऱ्याचं घर उपसायला फुकट जा. कोणी कंत्राटदार दिवसाचे रोख देतो म्हणाला तर घेऊ नका, ते विनापरवाना काम ठरतं. एच-१बीवर असताना डॅलसला नातेवाइकांकडे राहून काम करणार असाल तर कंपनीच्या वकिलाला लगेच ईमेल करा, कारण तुमची मंजुरी कामाच्या ठिकाणाशी बांधलेली असते. घर बदललं तर १० दिवसांत एआर-११ हा इमिग्रेशन खात्याचा पत्ताबदलाचा फॉर्म भरा.

अपार्टमेंट राहण्याजोगं अजिबात उरलं नसेल तर टेक्सासच्या कायद्यानं दुरुस्ती पूर्ण होण्याआधी लेखी नोटीस देऊन भाडेकरार संपवता येतो. तोंडी सांगणं पुरत नाही.

छप्पर आणि भिंती दुरुस्त करणारे दारोदार येतील. टेक्सासमध्ये छप्परवाल्यांना राज्याचा परवाना लागत नाही, त्यामुळे ट्रकवरचं नाव बघून विश्वास ठेवू नका, सगळे पैसे आधी देऊ नका, आणि "डिडक्टिबल माफ करतो" म्हणणाऱ्याला परत पाठवा, ते इथे बेकायदेशीर आहे.

शेवटची घाई सगळ्यात महाग पडते: पाहुणे येणार म्हणून ओल्या स्टडवर नवा शीटरॉक ठोकणं. बुरशी आत वाढते आणि चार महिन्यांनी भिंत पुन्हा फोडावी लागते. पिन घुसवून ओल मोजणारा मीटर एका गल्लीला एक पुरतो. पंखे आणि डीह्युमिडिफायर चालू ठेवून दर तीन-चार दिवसांनी मोजा, खालच्या आडव्या लाकडातही, कारण ते सगळ्यात उशिरा सुकतं. आकडा आणि तारीख तिथेच स्टडवर पेन्सिलीनं लिहा. सगळीकडे १५ टक्क्यांच्या खाली आलं की भिंत बंद करा आणि मीटर पुढच्या घरी द्या.