गॅलापागोस क्रूझ: मुंबईहून निघताना या चुका टाळा

गॅलापागोसची क्रूझ ठरवताना बहुतेक जण आधी बोट निवडतात. केबिनला बाल्कनी आहे का, डेकवर जकुझी आहे का, जेवण कसं असेल यावर घरात आठवडाभर चर्चा होते. बोट कोणत्या बेटांवर थांबणार हे मात्र माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं आणि ते कोणी वाचत नाही. इथे तेच सगळ्यात आधी वाचायचं. आधी मार्ग ठरवायचा, मग बोट.

याचं कारण बेटांच्या जन्मातच आहे. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर पश्चिमेला, ज्वालामुखीतून वर आलेली ही बेटं. खाली तप्त लाव्ह्याचा उगम एकाच जागी राहतो आणि वरचा समुद्रतळ हळूहळू पूर्वेकडे सरकतो. त्यामुळे पूर्वेकडची एस्पान्योला आणि सान क्रिस्तोबाल ही बेटं जुनी, झिजलेली. पश्चिमेकडची फर्नांदिना आणि इसाबेला तरुण, अजून धुमसणारी. फर्नांदिनावर मार्च २०२४ मध्ये उद्रेक झाला होता. त्यात समुद्राखालून पूर्वेकडे वाहणारा क्रॉमवेल प्रवाह या पश्चिमेच्या बेटांना धडकून वर येतो आणि थंड पाण्याबरोबर भरपूर खाद्य घेऊन येतो. म्हणून विषुववृत्तावर पेंग्विन दिसतात, आणि तेही मुख्यतः याच बाजूला. उडता न येणारा पाणकावळा तर जगात फक्त फर्नांदिना आणि इसाबेलाच्या किनाऱ्यावर आहे. उलट वेव्हड अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी जवळजवळ सगळा एस्पान्योलावर अंडी घालतो. लाल पायांचे बूबी हे समुद्रपक्षी मनसोक्त बघायचे तर ईशान्येच्या जेनोवेसाला जायला हवं.

हे सगळं एका आठवड्यात जमत नाही. कोणत्याही बोटीने एकाच ठिकाणी दोन आठवड्यांच्या आत पुन्हा यायचं नाही, असा राष्ट्रीय उद्यानाचा नियम आहे. त्यामुळे प्रत्येक बोट साधारण दोन आठवड्यांचा फेरा मारते आणि त्याचे तुकडे करून विकते. तीच बोट, तीच केबिन. पण या आठवड्यात पश्चिमेला, पुढच्या आठवड्यात पूर्वेला. घरातल्या प्रत्येकाला काय बघायचंय ते कागदावर लिहा आणि मगच तारीख पक्की करा. तारीख आधी ठरली की मार्ग नशिबावर जातो.

दिवस मोजताना

माहितीपत्रकातले ‘आठ दिवस’ म्हणजे बेटांवरचे आठ दिवस नव्हेत. पहिल्या दिवशी दुपारी बोटीवर चढायचं आणि शेवटच्या दिवशी सकाळी उतरून विमानतळ गाठायचा, म्हणजे पूर्ण दिवस सहाच. चार दिवसांच्या क्रूझमध्ये पूर्ण दिवस दोन. मुंबईहून तिथे पोचायला किमान तीन विमानं लागतात. एवढा प्रवास आणि खर्च करून दोन दिवसांसाठी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे कमी पडत असतील तर बोटीचा दर्जा एक पायरी उतरवा, दिवस कमी करू नका. बोटीवर माणूस फक्त जेवतो आणि झोपतो.

बॅलार्ड पिअरहून गोव्याला जाणारी क्रूझ ज्यांनी केली आहे, त्यांनी ते चित्र मनातून पुसावं. इथे सर्वांत मोठ्या बोटीवरही शंभरच प्रवासी, आणि बऱ्याच बोटींवर तर सोळाच. कॅसिनो आणि रात्रीचे शो शोधू नका. सकाळी लवकर उठायचं, छोट्या रबरी होडीतून, म्हणजे तिथल्या भाषेत ‘पांगा’तून, बेटावर जायचं आणि रात्री बोट पुढच्या बेटाकडे निघते.

सुट्टी कधीची घ्यायची

शाळेच्या सुट्ट्या तीन, आणि तिन्हींत वेगळंच गॅलापागोस दिसतं. मे महिना मला सर्वांत आवडता. पावसाळी मोसम संपत आलेला, पाणी अजून उबदार, आणि एस्पान्योलावर अल्बाट्रॉस अंड्यांवर बसलेले. दिवाळीत पाणी गार असतं, वीस अंशांच्या आसपास, त्यामुळे स्नॉर्केलिंगला वेटसूट हवाच. पण समुद्रसिंहांची पिल्लं त्याच सुमारास किनाऱ्यावर लोळत असतात. नाताळात हवा तापायला लागते, कासवं अंडी घालायला येऊ लागतात आणि अल्बाट्रॉस निघून जायला लागतात. शिवाय दर चढलेले असतात आणि चांगल्या बोटी फार आधी भरतात. गणपतीच्या सुट्टीला जोडून जायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, ऑगस्ट ते ऑक्टोबर हा तिथल्या समुद्राचा सर्वांत खवळलेला काळ.

ज्यांना मांडव्याच्या फेरीतही बोट लागते, त्यांनी हे विशेष मनावर घ्यावं. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागा. तिथे डोलणं सर्वांत कमी. दोन सांगाड्यांची कॅटमरान एका सांगाड्याच्या बोटीपेक्षा आडवी कमी हलते. गोळी कोणती आणि कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेवा. ती मळमळ सुरू झाल्यावर नाही, बोट निघण्याआधी घ्यायची असते.

व्हिसा आणि पिवळं कार्ड

भारतीय पासपोर्टवर इक्वेडोरचा व्हिसा २०१९ पासून लागतो. त्याआधीच्या लेखांत ‘व्हिसा नको’ असं वाचून कोणी तिकीट काढू नये. दूतावास दिल्लीत आहे, त्यामुळे वेळ हाताशी ठेवा. दुसरी अडचण वाटेतल्या देशाची. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपातल्या काही देशांत भारतीय प्रवाशांना नुसतं विमान बदलायलाही एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो, तो नियम तपासून घ्या. स्वस्त तिकीट दिसलं की मध्ये कुठे थांबतं ते आधी बघा.

यलो फीव्हरच्या लशीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. ‘आपण तर बेटांवर जातोय, जंगलात नाही’ असं लोक म्हणतात. पण भारत सरकारचा नियम देशावर चालतो, बेटावर नाही. आणि यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांच्या यादीत इक्वेडोर आहे. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर परतल्यावर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस फॅमिली डॉक्टरकडे मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन आणि एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन यांच्याकडे ती मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. आजी-आजोबा बरोबर असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. साठीच्या पुढे ही लस जपून द्यावी लागते, आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांना ती सहसा देत नाहीत.

खाऊची पिशवी

मेमध्ये निघताना कोणी प्रेमाने हापूस बांधून दिला तर तो घरीच ठेवा. ताजी फळं, बिया, रोपं, कढीपत्ता यांना बेटांवर बंदी आहे, कारण बाहेरून आलेलं एक बी किंवा एक किडा तिथली जीवसृष्टी उलटीपालटी करू शकतो. इक्वेडोरच्या मुख्य भूमीवर, कीटोच्या किंवा ग्वायाकीलच्या विमानतळावर चेक-इनच्या आधी सामान तपासून सीलबंद करतात. ट्रेकचे बूटही घासून न्या, तळव्यात सह्याद्रीची माती अडकलेली चालत नाही. घरचा चिवडा-लाडू न्यायचा असेल तर काय चालतं ते बोटवाल्यांना लेखी विचारा. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असल्यास ते बुकिंगच्या वेळीच कळवा. समुद्रात मध्येच भाजी आणायला बाजार नसतो.

पोहणं, पायऱ्या आणि पैसे

निम्मं गॅलापागोस पाण्याखाली आहे. पोहता येत नसेल तर सहा महिने आधी शिवाजी पार्कचा किंवा घराजवळचा तलाव गाठा, आणि मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायची सवय तिथेच करा. वेट लँडिंगला गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. बार्तोलोमे बेटाच्या माथ्यावर जायला साडेतीनशेहून जास्त लाकडी पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना बोटीवर थांबायची मुभा असते, पण हे आधीच माहीत असलेलं बरं. प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहायचं, फ्लॅश वापरायचा नाही, ड्रोन नेऊच नका.

इक्वेडोरचं चलन अमेरिकन डॉलर. ऑगस्ट २०२४ पासून राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क परदेशी प्रौढांना २०० डॉलर आणि बारा वर्षांखालच्या मुलांना १०० डॉलर आहे, शिवाय बेटांवर जाणाऱ्या प्रत्येकाला घ्याव्या लागणाऱ्या ट्रान्झिट कार्डाचे २० डॉलर. हे रोख ठेवा, तेही न फाटलेल्या नोटांत. टिपेलाही लहान नोटा लागतात.

विमान उशिरा आलं तर

बोट कोणासाठी थांबत नाही. म्हणून मुख्य भूमीवर किमान एक रात्र, जमलं तर दोन रात्री आधी पोचा. राहायला ग्वायाकील बरं. कीटो २,८५० मीटरवर आहे, मुंबईहून थेट तिथे उतरल्यावर दम लागतो आणि डोकं धरतं. वेळेतही गफलत होते: मुख्य भूमी मुंबईपेक्षा साडेदहा तास मागे, बेटं साडेअकरा. उशीर होतोय असं दिसलं की आधी बोट कंपनीला फोन लावा, एअरलाइनच्या रांगेत नंतर उभं राहा. पुढच्या कोणत्या बेटावर गाठता येईल ते फक्त त्यांनाच माहीत असतं. आणि चेक-इन बॅग मागे राहिली तर ती बोटीपर्यंत पोचायला कित्येक दिवस जाऊ शकतात. म्हणून औषधं, चष्मा, पोहायचे कपडे, कॅमेरा, चार्जर, अमेरिकन पिनचा अडॅप्टर आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेतच ठेवा.