पहिल्या तोडीआधी तीनचाकी टेम्पो तयार करताना

गेल्या एप्रिलात आंब्याच्या बागेतून सड्यावर (वरच्या कातळाच्या माळावर) चढताना आमचा जुना डिझेल टेम्पो वाटेतच बंद पडला. मागे वीस क्रेट हापूस, कातळ तापलेला, सावलीला एक झाड नाही. उन्हाने फळात साका धरेल, म्हणजे गर आतून खराब होईल, या भीतीने दोघे गडी ताडपत्री धरून उभे, आणि मी फिल्टर खोलून बसलेला. दोन तास गेले. दोष फिल्टरमध्ये नव्हताच. एक सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं जुनं इंजिन ज्यांच्याकडे आहे त्यांनी पहिली तोड व्हायच्या आत हे सगळं उरकून घ्या.

बॅटरी, टायरची हवा, ब्रेक कुणीही बघतो. ऑइल बघताना मात्र नुसती पातळी बघून दांडी परत खुपसू नका, वास घ्या. पातळी चढलेली आणि डिझेलचा वास, म्हणजे इंजिनाच्या डिझेल पंपातून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. ते ऑइल पातळ झालेलं असतं. अशी गाडी सुरूच करू नका.

आता टाकीचं झाकण. त्याला एक बारीक भोक असतं. डिझेल खाली उतरतं तेवढी हवा त्या भोकातून आत यावी लागते. आली नाही तर टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल उतरायचं थांबतं. आमच्या झाकणाचं भोक कुंभारणीने (मातीचं घर करणाऱ्या माशीने) चिखल भरून बुजवलं होतं, वर तांबडी धूळ बसलेली. बाहेरून बघून कळायची सोय नव्हती. मी तीनदा एअर काढली, म्हणजे डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा बाहेर सोडली. दर वेळी गाडी सुरू व्हायची, थोडी चढायची, पुन्हा गप्प. शेवटी गावातले मेस्त्री आले, म्हणाले, "आधी झाकाण काढ बघू." काढलं तर सुस्स करून हवा आत गेली, आणि मेस्त्रींनी पुढे काही बघितलंच नाही. बाभळीचा काटा घेतला, भोक मोकळं केलं. तुम्ही बारीक तार घाला, उलट बाजूने फुंकून बघा. फुंकर पलीकडे लागली पाहिजे.

त्याच टाकीतलं तळाचं डिझेल पारदर्शक बाटलीत काढून तासभर ठेवा. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अर्धी रिकामी टाकी चार महिने दमट हवा घेते, आणि तिचं पाणी होऊन तळाशी साठतं. बाटलीत खाली वेगळा थर दिसला तर सगळी टाकी रिकामी करा. पंप गंजला तर खर्च मोठा आहे.

इंजिनावरचा पत्रा खोला. उंदीर काथ्या, गवत, पिशव्यांचे तुकडे फिन्समध्ये (इंजिन थंड करणाऱ्या पट्ट्यांमध्ये) कोंबून ठेवतात. हवा फिरली नाही की पिस्टन जाम होतो, आणि तो चढावावरच होतो. एअर क्लीनर ऑइलवाला असेल तर त्यातलं जुनं ऑइल फेकून भांडं पुसा. तांबड्या मातीचा चिखल निघेल.

फिल्टर बदलला की एअर काढायची: आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोजलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो त्या भागाच्या) पाइपचा नट. बुडबुडे थांबेपर्यंत. तांब्याचे वॉशर नवेच घाला, जुने दाबले गेलेले असतात आणि तिथूनच पुन्हा हवा धरते. नोजलच्या फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नका. त्या दाबाने डिझेल कातडीच्या आत घुसतं. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठायचा. आणि एअर काढताना डिझेल येतच नसेल तर पंपाला हात लावू नका. झाकण उघडा. पुन्हा सांगतो, आधी झाकण उघडा.

धूर बघा. काळा असेल तर हवा कमी पडतेय, निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा गरम झाल्यावरही राहिला तर डिझेलमध्ये पाणी आहे किंवा नोजल नीट फवारत नाही.

मग ट्रायल. इथेही मी चुकलो होतो. दोन लिटर डिझेलवर रिकामी गाडी अंगणापासून देवळापर्यंत नेऊन आणली आणि खूश झालो. टाकीत डिझेल कमी असलं की वर हवा भरपूर असते, ओढ तयार व्हायला वेळ लागतो. तोडीच्या दिवशी टाकी गच्च भरली, आणि भरलेल्या टाकीत तीच ओढ लवकर बसते. म्हणून ट्रायल टाकी भरून, झाकण घट्ट लावून, चिऱ्यांचं वजन टाकून, चढावावर, निदान अर्धा तास घ्यायची. गाडी थांबवली की झाकण सैल करताना कान द्या. सुस्स आलं तर भोक बंदच आहे.

क्लच केबल, अ‍ॅक्सिलेटर केबल, चाकांचं ग्रीस, दिवे. करून टाका. सोबत दहा-बाराचा पाना, दोन वॉशर, हातभर डिझेल पाइप, क्लिपा, टॉर्च. आणि झाकणाच्या साखळीला बांधलेली ती बारीक तार.